चार रुपये भाडे, आठ रुपये व्याज : शंभर वर्षांपूर्वीची मुंबई

थ्रेड 🧵

१/ मुंबईत कॉट बेसिसवर राहणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याची निम्मी शिष्यवृत्ती भाड्यातच जाते. त्यामुळे १९२१-२२ च्या एका सरकारी पाहणीतील आकडा वाचून मी थबकलो. गिरणगावातील कामगार कुटुंब त्या काळी भाड्यावर खर्च करीत असे अवघा ७.७ टक्के! मग तेव्हाची मुंबई स्वस्त होती काय?

२/ पार्श्वभूमी अशी : पहिल्या महायुद्धात धान्य, कापड, रॉकेल सारेच कडाडले. १९१८ मध्ये भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला, तर जानेवारी १९१९ मध्ये गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. मजुराला जगायला नेमके किती लागते, हा प्रश्न आता सरकारलाही टाळता येईना.

३/ मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने, फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली, २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या कामगारांचे जमाखर्च गोळा केले. अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

४/ कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न होते ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चापैकी ५६.८ टक्के अन्नावर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.४ टक्के सरपण व दिवाबत्तीवर. भाड्याच्या वाट्याला येत सुमारे चार रुपये.

५/ भाडे कमी होते, कारण जागाच जवळजवळ विकत घेतली जात नव्हती. पाहणीतील ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत. स्वयंपाक, बाळंतपण, आजारपण, पाहुणे, सारे त्याच चार भिंतींत. नळ आणि संडास सामायिक.

६/ अन्नावर निम्म्याहून अधिक खर्च होऊनही पोट भरत होते का? अहवालाचेच निरीक्षण बोलके आहे : कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य मुंबईच्या तुरुंग-नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या प्रमाणापेक्षाही कमी होते.

७/ आता खरी मेख. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या उत्पन्नाएवढे. व्याजाचा रूढ दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. हिशेब करून पाहा : सुमारे १३० रुपये कर्जावर दरमहा आठ रुपये व्याज. भाड्याच्या दुप्पट!

८/ मुंबईच्या महागाईचा आणखी एक भार मुंबईबाहेर उचलला जात होता. कोकणातून, घाटावरून आलेले असंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून येत. एका खोलीत अनेकांनी पथारी पसरायची, पाळीनुसार झोपायचे, खानावळीत जेवायचे. गावी शेत आणि म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या स्त्रीचे श्रम, तसेच वीस-वीस जणांचे डबे रांधणाऱ्या खानावळवालीच्या कष्टांचे खरे मोल कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

९/ सरकारने घरे बांधली नाहीत असे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आले. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तरीही सुरुवातीला तेथील कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. बाजार लांब आणि भाडे खिशाला जड, अशा खोलीचा कामगाराला उपयोग काय?

१०/ पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण खोलीची टंचाई तशीच राहिली आणि तिची किंमत पागडीच्या रूपाने वसूल होऊ लागली. त्या पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने.

११/ तात्पर्य : शहर किती महाग आहे, हे केवळ भाड्याच्या आकड्यावरून कळत नाही. ते भाडे भरण्यासाठी माणसाने काय सोडले, कोणाकडून उसने घेतले आणि कोणाचे श्रम फुकट वापरले, हेही विचारावे लागते.

१२/ आपल्या घरी आजोबा-पणजोबांची भाडेपावती, मनीऑर्डरचा तुकडा किंवा खानावळीची वही असेल, तर रद्दीत देऊ नका. अहवालाने सरासरी लिहिली. माणसे त्या कागदांत आहेत.