हजेरीपटाबाहेरची मोजदाद

कामगार संघटनेच्या माणसाने विषाणूंवर बोलावे याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि आगगाडीच्या डब्यात पुष्कळ झाले. सफाळ्याहून मुंबईस जाण्यायेण्यात माणूस मनात आणील तर बरेच वाचू शकतो. पण ज्याला आयुष्यभर हजेरीपट तपासावे लागले, त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पटावर नाव नसलेला माणूसही कामावर असतो. काही वर्षांपूर्वी बोईसरकडील एका कंत्राटी वस्तीत कावीळ पसरली, तेव्हा मुकादमाने आजारी कोणी नाही असे सांगितले. त्याच्या वहीपुरते ते खरेच होते. आजारी पडले त्यांची नावेच वहीत नव्हती.

पोलिओची गत अशीच. लागण झालेल्या सुमारे 200 मुलांत एखाद्यालाच पांगळेपण येते. बाकीची अंगणात खेळत असतात आणि त्यांच्या विष्ठेवाटे विषाणू गटारात जात असतो. रुग्णांची वही ठेवणाऱ्यास त्यांचा पत्ता लागत नाही, गटारास लागतो.

हे ध्यानात येऊन बराच काळ लोटला. 1940 च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठाचे पॉल आणि ट्रास्क यांनी सांडपाणी माकडांस टोचून पाहिले. माकड लुळे पडले की विषाणू होता असे ठरे. परीक्षा महाग व क्रूर. शिवाय ‘आहे’ इतकेच कळे, ‘किती’ ते नाही. 1949 मध्ये एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी काचपात्रातील पेशींवर हा विषाणू वाढवून दाखविला. 1952 मध्ये डल्बेको यांनी पेशींच्या पातळ थरावर विषाणू सोडून वर आगराचा लेप देण्याची रीत काढली. जेथे एक विषाणू रुजतो तेथे मेलेल्या पेशींचा एक ठिपका पडतो, ठिपके मोजावेत. भाताच्या राबात रोपे मोजून उगवलेले दाणे सांगावेत, तसा हा हिशेब. न उगवलेला दाणा त्यात येत नाही.

आता मुंबईकडे वळू. परळला हाफकिन संस्थेच्या आवारात एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र होते. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा मुंबई विभाग झाले. 1999 व 2000 साली, लशीची मोहीम चांगली चालूनही, शहरात पोलिओचे 3 रुग्ण निघाले. तेव्हा डॉ. जगदीश देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी 3 झोपडपट्टी विभागांतील सांडपाणी दर आठवड्यास तपासण्याची व्यवस्था उभारली. गटारात विषाणू विरळ असतो, म्हणून तो आधी गोळा करावा लागतो. पाण्यात डेक्स्ट्रान व पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे पदार्थ मिसळून ते रात्रभर थंडीत ठेवले की दोन थर होतात आणि विषाणू तळच्या लहानशा थरात उतरतो. तो मग पेशींवर सोडतात. त्यांतील एल20बी नावाच्या पेशी मूळच्या उंदराच्या. पोलिओचा विषाणू ज्या दारातून माणसाच्या पेशीत शिरतो, ते दार तेवढे त्यांना बसविलेले असते.

2001 सालातील 137 नमुन्यांपैकी 35 मध्ये पोलिओचा पहिल्या प्रकारचा रानटी विषाणू सापडला, एकात तिसऱ्या प्रकारचा. त्या वर्षी शहरात पांगळे झालेले मूल एकच होते, आणि गटाराने त्याची वर्दी 3 महिने आधी दिली होती!

जनुकांची जुळणी केली तेव्हा हे विषाणू उत्तर प्रदेशातील विषाणूंच्या कुळातले ठरले. असे काही ऐकले की बोट लगेच परप्रांतीय मजुराकडे वळते. आम्हांस हे मान्य नाही. ज्या गावी डोस पोचला नाही तेथील उणीव त्या मजुराच्या माथी मारता येत नाही. आणि त्याच अभ्यासात दिसले की बाहेरून पुनःपुन्हा आलेला विषाणू मुंबईत काही काळच फिरला व नाहीसा झाला. मुंबईच्या सांडपाण्यात तो शेवटचा नोव्हेंबर 2010 मध्ये सापडला. देशातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावडा जिल्ह्यातला. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. दोन थरांची तीच रीत 2020 मध्ये मुंबईच्या सांडपाण्यातील करोना शोधण्यास कामी आली.

सफाळ्यात मात्र बाटली बुडवायची कोठे? घरोघर शोषखड्डे, गावाचे पाणी एका तोंडाशी येत नाही. कंत्राटी वस्त्यांतही बहुधा तेच. त्या काविळीच्या वेळी म्हणूनच आम्ही चौघे कागद-पेन्सिल घेऊन खोलीखोलीत विचारीत गेलो. मुकादमाची वही कोरी होती. आमच्या कागदाची दुसरी बाजूही भरली.