गुप्तलेखन, किल्ली आणि भ्रमणध्वनी : एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

‘सुरक्षा’ आणि ‘गोपनीयता’ हे दोन शब्द हल्ली जोडीने उच्चारले जातात. परंतु ते परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत, अशी समजूत त्या जोडीमागे बहुधा असते. सुरक्षा ही राज्याची आणि गोपनीयता व्यक्तीची. एक वाढवावयाची तर दुसरीला कात्री लावणे प्राप्त, असा हा युक्तिवाद होय. शब्दांचा इतिहास मात्र या विभागणीस अनुकूल नाही. पाणिनीय धातुपाठात ‘गुप्’ या धातूचा अर्थ ‘रक्षण करणे’ असा दिला आहे. ‘गोप्ता’ म्हणजे रक्षणकर्ता. किंबहुना हा धातूच मूळचा नसून ‘गोप’ म्हणजे गाईंचा राखणदार या नामावरून तो मागाहून सिद्ध झाला, असे आधुनिक भाषाशास्त्रज्ञ मानतात. राखणे या अर्थापासून झाकून ठेवणे हा अर्थ निघाला, आणि आज ‘गुप्त’ म्हटले की दुसराच अर्थ आपल्या मनात प्रथम येतो. तेव्हा जे झाकले जाते ते राखण्यासाठीच झाकले जाते, ही जाणीव या शब्दाच्या मुळाशीच आहे.

याच्या उलट ‘खासगी’ हा आपला दुसरा शब्द. तो अरबी-फारसीतून आला आणि मराठी राज्यव्यवहारात रुळला तो राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीसाठी. होळकरांची खासगी आणि दौलत हा भेद इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. म्हणजे ‘खासगी’ असण्याचा मान प्रथम राजाचा. तो सामान्य माणसाच्या पत्रापर्यंत, घरापर्यंत आणि आता त्याच्या खिशातील यंत्रापर्यंत उतरावयास पुष्कळ काळ लागला. हा प्रवास कसा झाला याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक साकोलीचा आणि भाषाशास्त्राचा अभ्यासक. तेव्हा अभियंत्याच्या नजरेतून हा विषय मांडण्याचा अधिकार त्यास नाही. तथापि लिपी, संकेत आणि किल्ली हे विषय मुळात भाषाभ्यासाच्याच शिवारातले आहेत.

विदर्भात या विषयाचा आरंभ शोधावयाचा तर महानुभाव पंथाकडेच वळावे लागते. श्रीचक्रधरांनंतर रिद्धपूर हे या पंथाचे केंद्र झाले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ग्रंथरचना संस्कृतात न करता मराठीत करावी, नाहीतर आपल्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील, असा आग्रह नागदेवाचार्यांनी धरल्याची आठवण ‘स्मृतिस्थळा’त नोंदविलेली आहे. लोकभाषेचा इतका स्पष्ट पुरस्कार त्या काळी विरळाच. आणि तरीही पुढील शतकात याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास प्रारंभ केला. ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबास यांच्याकडे सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरेने दिले जाते. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा आणखी लिप्या प्रचारात आल्या. त्यांत सर्वाधिक वापर सकळ लिपीचा झाला.

हे का घडले? एक मत असे की, धर्मग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत. दुसरे असे की, राजकीय अस्थिरतेच्या काळात ग्रंथांचा संहार व अपपाठ टाळावा. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही कारणे परस्परविरोधी वाटत नाहीत. ‘गुप्’ धातूच्या दोन्ही अर्थांचेच ते दर्शन आहे. परंतु परिणाम दोन झाले. ग्रंथ टिकले, पंजाबापर्यंतच्या मठांत त्यांच्या पोथ्या श्रद्धेने जपल्या गेल्या, आणि आपणांस यादवकालीन मराठी गद्याचा अमोल ठेवा लाभला. दुसरीकडे, जे झाकले आहे ते वाईटच असले पाहिजे, असा संशय पंथाबाहेरील समाजात शतकानुशतके पोसला गेला. ज्याला लपवावयाचे काही नाही त्याने भ्यावे कशाला, हा आज ऐकू येणारा प्रश्न नवा नाही. महानुभावांनी त्याची झळ फार पूर्वी सोसली आहे. त्या पोथ्या उघडल्या गेल्यावर निघाले ते आठवणी, दृष्टान्त, सूत्रे आणि साध्या माणसांचे बोलणे.

आता या लिपीच्या घडणीकडे पाहू. सकळ लिपीचे तत्त्व स्थूलमानाने असे की, एका अक्षराच्या जागी ठराविक दुसरे अक्षर अथवा चिन्ह योजावयाचे. ही अदलाबदल एकदा निश्चित झाली की सर्व पोथ्यांना तीच लागू. अशा लेखनाचा उलगडा कसा करावा हे नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या पंडिताने सांगून ठेवले होते. प्रत्येक भाषेत काही वर्ण वारंवार येतात, काही क्वचित. चिन्हांची वारंवारता मोजावी आणि भाषेतील वारंवारतेशी ताडून पाहावी. मराठीत तर प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे इतकी नियमित आहेत की, शब्दाचा शेवटच पुष्कळ काही सांगून जातो. भाषा स्वतःच चुगली करते, असे म्हणावयास हरकत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि एका पोथीबरोबर त्या लिपीतील सर्वच पोथ्या खुल्या झाल्या. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापले, पुढे वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली, हे सर्व त्या उलगड्याचेच फळ होय. अभ्यासकांच्या दृष्टीने हे भाग्य; परंतु गुप्तलेखनाच्या दृष्टीने पाहिल्यास, पद्धती हीच जेथे किल्ली असते तेथे एक पद्धती कळताच सर्वस्व हातचे जाते.

नेमके हेच सूत्र १८८३ मध्ये ओग्युस्त केर्कहोफ्स याने पॅरिसच्या एका लष्करी नियतकालिकात मांडले. हा गृहस्थ व्यवसायाने सेनाधिकारी नव्हता. तो भाषांचा अध्यापक होता आणि पुढे ‘व्होलाप्यूक’ या कृत्रिम भाषेचा कैवारी म्हणून गाजला. (आमच्या विषयातील मंडळींनी अभिमान बाळगावा अशी ही दुर्मिळ जागा!) त्याचे म्हणणे असे की, गुप्तलेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्त असावी ती केवळ किल्ली, आणि ती सहज बदलता यावी.

मधल्या काळातील घडामोडींचा केवळ निर्देश करून पुढे जाऊ. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, ज्यात हा भंडारा प्रदेश होता, पत्र म्हणजे जासुदाच्या हाती दिलेला विश्वास. तो विश्वास मध्येच फुटला तर राज्य जाई. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना इंग्रजांनी कैद केले, त्यामागे पेशव्यांशी चाललेल्या गुप्त संधानाचा आरोप होताच. पुढे तारायंत्र आले आणि मजकूर प्रथमच तारमास्तरच्या डोळ्यांखालून जाऊ लागला. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या ५ व्या कलमाने संदेश अडविण्याचा व पाहण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली, पण ते कलम तारेपेक्षा दीर्घायुषी ठरले. दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी यांवरील पाळतही त्याच कलमाच्या आधारे होत राहिली. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली. तरी संदेश अडविण्याचा अधिकार त्याच्या २० व्या कलमात आहे, आणि ते कलम २६ जून २०२४ पासून अंमलात आले.

साकोलीत दूरध्वनी सार्वजनिक झाला तो प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेत. बसस्थानकाजवळच्या पिवळ्या फलकाच्या खोपटात रांग लागे, आणि रांगेतील सर्वांना प्रत्येकाचे बोलणे ऐकू जाई. त्यावर लोकांनी योजलेले उपाय भाषाशास्त्रज्ञाने टिपून ठेवावे असे होते. पुण्या-मुंबईकडच्या अधिकाऱ्यापुढे माणूस जाड झाडीबोलीत शिरे. झाडीबोलीतलेच लोक आसपास असले तर आकडे गाळून केवळ ‘मागच्या वेळेएवढे’ असे बोले. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवितात, तशीच ही रीत. आपल्या पूर्वजांची करपल्लवी आणि नेत्रपल्लवी याहून वेगळी नव्हती. या सर्व उपायांत एक समान गोष्ट आहे : किल्ली बोलणाऱ्या दोघांपाशीच होती, तिसऱ्या कोणाकडे ठेव म्हणून दिलेली नव्हती.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीस सुखराम यांच्याशी केलेले संभाषण हा भारतातील भ्रमणध्वनीचा प्रारंभ मानतात. त्यासाठी वापरलेली ‘जीएसएम’ ही पद्धती युरोपात घडली होती. तार जमिनीवरून जाते, तिला हात घालण्यासाठी खांबावर चढावे लागते. बिनतारी लहर मात्र सर्वांच्या अंगणातून जाते. म्हणून यंत्र आणि मनोरा यांमधील संभाषण सांकेतिक करणे अपरिहार्य होते. त्यासाठी योजलेली ‘ए-५/१’ नामक गणितपद्धती १९८० नंतरच्या दशकात तयार झाली आणि ती गुप्त ठेवण्यात आली. शंभर वर्षांपूर्वीचा केर्कहोफ्स येथे विसरला गेला. किल्ली चौसष्ट अंकांची म्हणावयाची. परंतु आरंभीच्या व्यवहारात तिचे दहा अंक शून्यच ठेवलेले असत. १९९९ पर्यंत अभ्यासकांनी प्रत्यक्ष यंत्रावरून ती पद्धती उलगडून काढली आणि लगोलग तिच्यावरील हल्ले प्रसिद्ध झाले. सकळ लिपी काही शतके टिकली, ही काही वर्षे. चूक मात्र एकच.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. त्या पिढीत मनोरा यंत्राची ओळख पटवून घेई, पण यंत्र मनोऱ्याची ओळख विचारीत नसे. म्हणून खोटा मनोरा उभारून आसपासच्या यंत्रांना भुलविणे शक्य झाले. दारी आलेल्या जासुदाने आपले नाव-गाव विचारावे, आणि आपण त्याच्याकडे मोहोर मागू नये, तसा हा प्रकार. तिसऱ्या पिढीत ओळख दुतर्फा झाली आणि गणितपद्धतीही उघड प्रसिद्ध करण्यात आली. जगभरच्या तज्ज्ञांनी तपासावी हाच त्यामागील हेतू. ग्राहकाचा कायमचा क्रमांक हवेतून उघडा जाऊ नये याची सोय तर पाचव्या पिढीतच झाली. ती सेवा भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानी घ्यावा. हे सारे संरक्षण यंत्रापासून मनोऱ्यापर्यंतचे. मनोऱ्याच्या पलीकडे मजकूर पुन्हा उघडा होतो आणि कोठेतरी सर्व्हरवर जाऊन वसतो. पाकिटाला लाख लावली, पण पत्र उतरले ते दुसऱ्याच्या घरी. घरधनी कोण आणि कुलुपाची किल्ली कोणाकडे, या प्रश्नावर आपल्या देशात पुष्कळ वाद झाले. इंटरनेट सेवेच्या परवान्यात एके काळी अशी अट होती की, चाळीस अंकांहून मोठी किल्ली वापरावयाची तर पूर्वपरवानगी घ्यावी आणि ती किल्ली दोन भागांत सरकारकडे ठेवावी. त्याच सुमारास रिझर्व्ह बँक मात्र बँकांना एकशे अठ्ठावीस अंकांची किल्ली वापरण्यास सांगत होती. एका हाताने कुलूप मोठे करावयास सांगणे आणि दुसऱ्या हाताने लहान, हा विसंवाद कोणाच्याही लक्षात यावा. पुढे ब्लॅकबेरी कंपनीशी सरकारचा दीर्घ वाद झाला आणि २०१२ च्या सुमारास तिने मुंबईत सर्व्हर ठेवला. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसृत झालेल्या धोरणाच्या मसुद्यात नागरिकांनी आपल्या सांकेतिक संदेशांची उघडी प्रत नव्वद दिवस जपावी अशी अपेक्षा होती. तो मसुदा टीकेमुळे लगेच मागे घेण्यात आला.

न्यायालयांनी या प्रवासास दिशा दिली. दूरध्वनीवरील संभाषण हा व्यक्तीच्या खासगी आयुष्याचा भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये म्हटले आणि पाळतीवर कार्यपद्धतीची बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयतेस मूलभूत हक्काचा दर्जा दिला. राजाची ‘खासगी’ अशा रीतीने प्रजेच्या हाती आली, निदान निवाड्यात तरी. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला. त्यात शासनास दिलेल्या सवलतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे पुन्हा सांगत नाही.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला त्याचे कारण मात्र न्यायालयीन नाही. सुमारे नऊ वर्षांपूर्वी झाडीबोलीतील नातेवाचक शब्द जमविताना साकोलीजवळच्या एका गावी एका वृद्धेचे बोलणे मी भ्रमणध्वनीत मुद्रित केले. ‘डोळा’चा ‘डोरा’ करणारे तिचे उच्चार अप्रतिम होते. बोलता बोलता ती नात्यांच्या नावांवरून नातलगांवर आली आणि दिराशी चाललेल्या जमिनीच्या तंट्याविषयी मनातले बोलून गेली. ध्वनिलेखन लिप्यंतरासाठी विद्यार्थ्यांच्या गटात मीच पाठविले. तिचे नाव अर्थातच काढून टाकले होते. नाव काढले की गोपनीयता राखली गेली, अशी माझी तेव्हा समजूत होती. तिसऱ्या दिवशी ते ध्वनिलेखन तिच्या गावात पोहोचले. आवाज ही सही आहे, आणि तीनशे उंबऱ्यांच्या गावात ती सही सर्वांना वाचता येते, हे स्वनविज्ञान शिकविणाऱ्या मला कळावयास हवे होते. कोणतीही गणितपद्धती तेथे फुटली नव्हती. संदेश एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत पूर्ण सांकेतिक होऊनच गेला होता. फुटला तो विश्वास, आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती.

मी क्षमा मागावयास गेलो तेव्हा ती फारसे बोलली नाही. मी तुला सांगितले होते, गावाला नव्हे, एवढाच तिच्या बोलण्याचा आशय होता. नंतरच्या दोन भेटींत तिने पाणी दिले, चहा दिला. शब्द दिले नाहीत. आमच्या बोलीसंग्रहात ‘दीर’ या नोंदीपुढचा तिच्या गावचा रकाना तेव्हापासून रिकामा आहे. उरलेली ध्वनिलेखने आता विभागाच्या सर्व्हरवर नसून, बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या एका संगणकात आहेत; आणि प्रत्येक निवेदकाने कोणता भाग कोणाला ऐकविण्यास अनुमती दिली, याची वही हाताने लिहिलेली, त्या संगणकाशेजारच्या कपाटात ठेवली आहे. ज्या विद्यार्थ्यांस त्या सामग्रीवर काम करावयाचे असेल त्यांनी प्रथम ती वही वाचावी.