इंग्रजी शिकवावी की न शिकवावी? : १८५४ सालच्या एका निर्णयाविषयी

जून महिना जवळ आला की आमच्या मंडळ्यांतील आईबाप पाळकाला किंवा उपदेशकाला गाठून एकच प्रश्न विचारतात : लेकराला मराठी शाळेत घालावे की इंग्रजी? बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी, जेथे मराठी ही घरची व उपासनेची भाषा असून बाजाराची व कचेरीची भाषा दुसरीच असते, तेथे हा प्रश्न अधिकच टोचतो. पाळकाने काय उत्तर द्यावे हे सांगण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाही. परंतु हा प्रश्न नवा नाही. एका मिशनने तो एकदा निकालात काढला होता, आणि त्या निकालाची फळे, गोड व कडू दोन्ही, आमच्याच पूर्वजांच्या वाट्याला आली. ती हकिकत उपदेशकवर्गाला ठाऊक असणे इष्ट आहे, असे आम्हांस वाटते.

आरंभी मिशनरी स्वतःच विद्यार्थी होते. विल्यम केरी यांनी श्रीरामपूर येथून १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस उतरले, त्यांनी मराठी शिकून मराठीतच शाळा उघडल्या, आणि त्यांच्या मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार छापून काढला. (त्याही आधी दोनशे वर्षे गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाचा एक अस्सल इंग्रज येऊन राहिला होता. १५७९ साली आलेल्या या फादरने लिहिलेले सुमारे ११ हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. पुढे त्याच गोव्यात १६८४ च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम निघाला. भाषेच्या बाबतीत आशिया खंडाने परक्यांची दोन्ही रूपे पाहिली आहेत.)

वारे फिरले ते १८३० नंतर. त्या वर्षी अलेक्झांडर डफ यांनी राममोहन राय यांच्या साहाय्याने कलकत्त्यास इंग्रजी शाळा उघडली. वरच्या वर्गातील बुद्धिमान तरुणांना इंग्रजीद्वारे पाश्चात्त्य ज्ञान व सुवार्ता एकत्र द्यावी, मग ती विद्या आपोआप खाली झिरपेल, हा त्यांचा हिशेब. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये शाळा काढली, तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. मात्र विल्सन मराठीचे उपेक्षक नव्हते, ते मराठीत उपदेशही करीत. १८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणानंतर बेंटिंक सरकारने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने कौल दिला आणि १८४४ मध्ये लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने इंग्रजी शिकलेल्यांना नोकरीत प्राधान्य देण्याचे ठरविले. येथपासून इंग्रजी अक्षराला पगाराचे मोल आले, आणि मिशनशाळेत मुलगा बायबलासाठी बसला आहे की कारकुनीसाठी, हे ओळखणे कठीण झाले.

अशा वेळी १८५४ च्या अखेरीस बोस्टनहून अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आपले सहकारी ऑगस्टस थॉम्पसन यांच्यासह पश्चिम भारतात आले. त्याच वर्षी जुलैत वुडचा खलिता निघाला होता आणि खासगी शाळांनाही सरकारी अनुदान मिळण्याची वाट मोकळी होत होती. इतर मिशने शाळा वाढविण्याच्या विचारात असताना अँडरसन यांनी उलटी दिशा धरली. मिशनचे काम सुवार्ता सांगणे आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या, स्वतःच्या पाळकांनी चालविलेल्या मंडळ्या उभारणे हे आहे, देशाला कारकून पुरविणे हे नव्हे, असे त्यांचे सांगणे. इंग्रजी शिकलेला तरुण खेड्यात राहत नाही. राहिलाच तर त्याला लागणारा पगार खेड्यातील मंडळी देऊ शकत नाही, आणि मग तो पाळक मंडळीचा न राहता मिशनचा नोकर होतो. त्यांच्या या भेटीनंतर मुंबई व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील मिशनचे इंग्रजी शिक्षण आवरते घेण्यात आले. त्याच सुमारास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना अहमदनगरास पाळकपदाची दीक्षा मिळाली, हे या धोरणाचेच दुसरे अंग होते. ते विसरून अँडरसन यांना केवळ विद्येचे वैरी ठरविणे अन्यायाचे होईल. परक्या मिशनऱ्याने पाळकाची खुर्ची सोडावी असे आग्रहाने म्हणणारे त्या काळी फार थोडे होते.

याच प्रवासात ते सिंहलद्वीपास, जाफना येथेही गेले, आणि तेथील हकिकत आम्हांस अधिक बोलकी वाटते. वट्टुक्कोट्टै येथे १८२३ पासून अमेरिकन मिशनचे एक विद्यालय होते. इंग्रजांच्या तोंडी त्याचे नाव बॅटिकोटा. तेथे इंग्रजीतून उच्च गणित व विज्ञान शिकविले जाई, आणि तमिळही. शिकलेले तरुण मोठ्या संख्येने सरकारी चाकरीकडे वळत. अँडरसन यांना जे भय होते ते येथे डोळ्यांसमोर घडत होते. १८५५ मध्ये विद्यालय बंद झाले. आता गंमत पाहा. मद्रास विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याच्या अगदी पहिल्या दोन पदवीधरांत सी. वै. दामोदरम् पिळ्ळै हे एक होते. ते याच बंद पडलेल्या विद्यालयाचे विद्यार्थी. सरकारी नोकरीत शिरलेल्या या गृहस्थांनी पुढे काय केले? ताडपत्रांवर नष्ट होऊ घातलेले जुने तमिळ ग्रंथ शोधून, शुद्ध करून छापले. म्हणजे ज्या इंग्रजी शिक्षणामुळे तमिळ तरुण आपल्या लोकांस पारखे होतात अशी तक्रार होती, त्याच शिक्षणातून तमिळचा एक मोठा सेवक निघाला. आणखी एक बाजू सांगितलीच पाहिजे. जाफन्याच्याच वेस्लियन शाळेत शिकलेले आणि पीटर पर्सिव्हल यांना बायबलाच्या तमिळ भाषांतरात साहाय्य करणारे आरुमुग नावलर हे पुढे शैव पुनरुज्जीवनाचे पुढारी झाले. शाळा कोणत्याही भाषेची असो, विद्यार्थ्याचे मन शिक्षकाच्या मुठीत राहत नाही.

मातृभाषेची बाजू केवळ धर्मोपदेशापुरती होती असेही नव्हे. जाफना येथे डॉ. सॅम्युएल ग्रीन यांनी १८६० नंतरच्या वर्षांत वैद्यक तमिळमधून शिकविले आणि त्यासाठी ग्रंथ तमिळमध्ये उतरविले. तमिळमध्ये शिकलेला वैद्य आपल्या गावात राहील, ही त्यांची अपेक्षा. उच्च विद्या देशी भाषेत देता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांआड करू नये.

आपल्याकडे मराठीचे पीकही काही हलके आले नाही. अहमदनगरास १८४२ मध्ये निघालेले ज्ञानोदय हे पत्र मराठी विचाराचे व्यासपीठ झाले. अँडरसन यांची फेरी चालू होती त्याच सुमारास, १८५५ च्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत, त्या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापला गेला. लेखिका मुक्ता, मांग समाजातील शाळकरी मुलगी, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नव्हते त्यांचा आवाज तीन-चार वर्षांच्या मराठी शाळेने बाहेर आणला. इंग्रजीत तो इतक्या लवकर बाहेर येता ना.

मग अँडरसन बरोबर होते काय? येथे आम्ही थबकतो, कारण याच कथेला एक पान असे आहे की जे मिशनच्या इतिहासांत लवकर उलटले जाते. अहमदनगर भागातील मंडळ्यांत पुढे जे लोक आले त्यांत बहुसंख्य महार होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले आणि प्रवेशपरीक्षा इंग्रजीत होऊ लागली. ब्राह्मणाच्या मुलाला मिशनने इंग्रजी नाकारली तरी त्याचे अडत नव्हते, सरकारी शाळा त्याला उघडी होती. महाराच्या मुलाची गोष्ट निराळी. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, आणि तो नाकारण्यात आला. असा मुलगा मिशनच्या दारात येतो, आणि मिशन त्याला सांगते की इंग्रजीने तुझे आध्यात्मिक नुकसान होईल! सांगणारा स्वतः इंग्रजीत शिकलेला, आणि बोस्टनला परत जाणारा. त्याचा हेतू शुद्ध होता याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्याच्यापुढे दुसरे दार नाही त्याचे एकुलते एक दार बंद करताना हेतूची शुद्धता पुरेशी होत नाही.

फुले दांपत्याने हे ओळखले होते. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या काव्यफुले या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले होते. आणि त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकार उच्च शिक्षणावर पैसा उधळते व बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपाशी ठेवते, अशी तक्रार केली. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही. कोणती भाषा श्रेष्ठ, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. कोणाला काय मिळते व कोणापासून काय रोखले जाते, हा त्यांचा प्रश्न होता. डफ आणि अँडरसन या दोघांनीही हा प्रश्न आपल्या कार्याच्या सोयीने विचारला. एकाला वरच्या वर्गाचे तरुण हवे होते, दुसऱ्याला खेड्याचे पाळक. शिकणाऱ्याला काय हवे, हे दोघांनीही पुरतेपणी विचारले नाही.

या वादात मराठी ख्रिस्ती साहित्याच्या जनकाची साक्ष काढल्याशिवाय राहवत नाही. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले, तेथील लंडन मिशनच्या व पुढे मुंबईतील फ्री चर्चच्या इंग्रजी शाळेत शिकले, आणि १८५४ मध्येच बेळगावी बाप्तिस्मा घेते झाले. डफपंथीय शिक्षणाचे हे फळ. पण ते इंग्रजीत अडकून राहिले नाहीत. १८५७ मध्ये त्यांनी यमुनापर्यटन लिहिले, जे मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणले जाते. १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली, आणि जन्मभर मराठीत लेखन केले. नारायण शेषाद्रींचीही अशीच गोष्ट. मुंबईच्या इंग्रजी शाळेतून १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेला हा ब्राह्मण तरुण अँडरसन यांच्या तर्कानुसार शहरात रमावयाचा. तो निजामाच्या राज्यात जालन्यास गेला आणि तेथील दलित लोकांसाठी त्याने बेथेल हे गाव वसविले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत याच गृहस्थांनी इंग्रजीत भाषण केले. म्हणून इंग्रजी शिकलेला खेड्यात जात नाही हे विधान जसेच्या तसे आम्ही स्वीकारू शकत नाही, जरी आमच्याच विद्यार्थ्यांकडे पाहून ते पुष्कळदा ओठांवर येते.

जाफन्याच्या ख्रिस्ती लोकांनी फार काळ वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतः मागणी केली आणि १८७२ मध्ये वट्टुक्कोट्टै येथेच जाफना कॉलेज उघडले. अहमदनगरास मिशनचे हायस्कूल १८८० च्या दशकात उभे राहिले. कॉलेज व्हावयास १९४७ साल उजाडले, आणि ते काढले मराठी ख्रिस्ती कुटुंबातील डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी. अँडरसन यांच्या भेटीपासून तोवर ९० हून अधिक वर्षे लोटली होती. त्या काळात अहमदनगर जिल्ह्यातील किती मुले प्रवेशपरीक्षेच्या उंबरठ्यावरून माघारी फिरली असतील, याची नोंद कोणत्याही मिशनच्या अहवालात आम्हांस आढळली नाही.