अंजदीव: कारवारसमोरचं बेट, पण नकाशात गोव्याचं

पोळेचा नाका ओलांडून, काळी नदीचा पूल पार करून कारवारात शिरलो की आपण गोव्यातून पूर्णपणे बाहेर पडलो, असं सगळ्यांनाच वाटतं. पण कारवार शहर मागे टाकून महामार्गानं अंकोल्याच्या दिशेनं निघा. बिणग्याच्या पुढे समुद्राकडे एक लांबट, झाडीनं भरलेलं बेट दिसतं. ते अंजदीव. महसुली हिशेबात हे बेट गोव्यातल्या काणकोण तालुक्यात मोडतं. म्हणजे आपण उभे कर्नाटकात आणि समोर दिसतोय तो गोवा. बरं, ज्या जमिनीवर उभे आहोत ते कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं आणि महाराष्ट्राच्या सीमाभागाच्या दाव्यात आजही आहे. सीमाप्रश्न जन्मापासून ऐकत आलेल्या आपल्यासारख्यांनासुद्धा हा गुंता क्षणभर थांबवतो.

बेट तसं लहान. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास आणि रुंदी त्या मानानं फारच कमी. जांभ्याचे आणि काळ्या खडकाचे कडे, मधे चढ-उतार आणि दाट झाडी. पाऊस कारवारचाच, म्हणजे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर. कारवारसमोर कूर्मगड, देवगड, मदलिंगगड अशी आणखी बेटं आहेत, पण अंजदीवला दोन गोष्टी जादा मिळाल्या. एक म्हणजे मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधलं शांत, खोल पाणी. जहाजाला नांगर टाकून वाऱ्यापासून आडोसा घ्यायला अशी जागा या किनाऱ्यावर सहजी मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गोडं पाणी. चारी बाजूंनी खारा समुद्र असूनही बेटावर जिवंत झरे आहेत. आफ्रिकेहून किंवा अरबस्तानातून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेल्या खलाशाला याहून जास्त काय हवं? अंजदीवचा सगळा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो.

नावाबद्दल लोक वेगवेगळं सांगतात. या भागात रुजलेली समजूत अशी, की बेटावर आर्यादुर्गेचं ठाणं होतं आणि तिच्या नावावरून बेटाला नाव पडलं. पुढे परकीयांचा त्रास वाढल्यावर देवीची मूर्ती अंकोल्याला हलवली. अंकोल्याचं आर्यादुर्गेचं देऊळ आजही नांदतं आहे आणि गोवा-कोकणातली कितीतरी घराणी तिला कुलस्वामिनी मानतात. राजापूर तालुक्यातल्या देवीहसोळची आर्यादुर्गा अनेक मराठी घरांना माहीत असेल, तिचा संबंधही अंकोल्याशीच सांगितला जातो. तेव्हा हे बेट आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता गोव्याजवळच्या एका लहान बेटावर उतरला, तिथं त्याला देऊळ, पाण्याचं तळं आणि एक जोगी दिसला. ते बेट अंजदीवच असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पोर्तुगीजांशी गाठ पडली ती १४९८ साली. कालिकतहून परत निघालेला वास्को द गामा सप्टेंबरमध्ये इथं थांबला, जहाजांची डागडुजी केली, पाणी भरून घेतलं. इथंच त्याच्या हाती एक विलक्षण माणूस लागला. मूळचा पोलंडकडचा ज्यू, विजापूरच्या आदिलशहाच्या चाकरीत असलेला. गोड बोलत जहाजावर आला, पण हेर असल्याचा संशय येऊन पकडला गेला. पोर्तुगीजांनी त्याला सोबत नेलं, बाप्तिस्मा दिला आणि तो गास्पार द गामा या नावानं पुढच्या मोहिमांत दुभाष्या म्हणून वावरला. १५०० साली काब्रालची जहाजंही इथं थांबली, त्यांच्याबरोबर फ्रान्सिस्कन पाद्री होते.

१५०५ मध्ये पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मैदा यानं बेटावर किल्ला बांधायला घेतला. गोवा शहर तेव्हा आदिलशहाकडे होतं, म्हणजे गोव्याच्या आधी पोर्तुगीजांचा पाय पडला तो अंजदीववर. पण वर्षभरात गोव्याकडून हल्ले झाले, आणि पावसाळ्यात समुद्र बंद झाला की इथं मदत पोचणं अशक्य, हेही त्यांच्या लक्षात आलं. १५०६ मध्ये किल्ला त्यांनी स्वतःच पाडला आणि निघून गेले.

यानंतरची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण आंदण मिळालं म्हणून लगेच ताबा मिळाला नाही. १६६२ मध्ये इंग्रजांचं आरमार मुंबईला पोचलं, सोबत सर अब्राहम शिपमन आणि त्याचे सुमारे चारशे सैनिक. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदपत्रांत खुसपटं काढून ताबा नाकारला. सुरतेतही उतरायची सोय होईना, कारण मोगलांची मर्जी सांभाळायची होती. शेवटी ही फौज अंजदीववर येऊन राहिली. थोडे दिवस म्हणून आले आणि दोन वर्षांहून जास्त अडकले. वर पाऊस, अंगात ताप, पोटात हगवण, अन्नाची टंचाई. माणसं माशांसारखी मेली. खुद्द शिपमन १६६४ मध्ये तिथंच वारला. जानेवारी १६६५ मध्ये त्याचा सचिव हम्फ्री कुक यानं गोव्यात करार केला आणि फेब्रुवारीत मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्या चारशेंपैकी शंभराच्या आसपासच उरले होते. कंपनीच्या मुंबईतल्या गोऱ्या पलटणीची सुरुवात या उरलेल्यांतून झाली. मुंबईचा इतिहास लिहिताना अंजदीववर एखादं पान तरी खर्च व्हायला हवं, पण बहुतेक पुस्तकांत ते एका ओळीत उरकलं जातं.

मराठ्यांचीही या बेटावर नजर होती. इथं तटबंदी करून आरमाराचं ठाणं करावं, असा छत्रपती संभाजी महाराजांचा बेत होता. त्याची कुणकुण लागताच १६८२ मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द ताव्होरा यानं घाईघाईनं माणसं पाठवून बेट ताब्यात घेतलं आणि नवा किल्ला उभारायला लावला. आज अंजदीवचा किल्ला म्हणून जे अवशेष सांगतात, ते या किल्ल्याचे. पुढे टिपूच्या काळात कानडा किनाऱ्यावरून पळालेल्या लोकांनी इथं आसरा घेतला, तर काही काळ पोर्तुगीजांनी बेटाचा वापर कैदी ठेवण्यासाठी केला. समोरचा किनारा सोंद्याचा, मग हैदर-टिपूचा, मग इंग्रजांचा झाला. बेट मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. आजचा नकाशा असा का, याचं उत्तर त्यात आहे.

नोव्हेंबर १९६१ मध्ये बेटावरच्या पोर्तुगीज शिबंदीनं जवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या जहाजावर आणि मग मासेमारीच्या होडीवर गोळ्या झाडल्या. कारवारकडचा एक मच्छीमार त्यात मारला गेला. देशभर संताप उसळला आणि गोव्यावर लष्करी कारवाई व्हायला जी कारणं जमली, त्यांत हे एक मोठं ठरलं. १८ डिसेंबरला ‘ऑपरेशन विजय’ सुरू झालं तेव्हा अंजदीवची जबाबदारी नौदलाकडे होती. ‘आयएनएस त्रिशूल’वरून नौसैनिकांची पहिली तुकडी बेटावर उतरली. पांढरं निशाण दिसलं होतं, तरी पुढच्या तुकडीवर गोळीबार झाला. मग ‘आयएनएस म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’च्या तोफा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी शिबंदी पूर्ण शरण आली. सात नौसैनिक या बेटावर कामी आले. त्यांचं स्मारक वास्कोच्या ‘आयएनएस गोमंतक’मध्ये आहे. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिन साजरा करताना पणजी-मडगावच्या आठवणी निघतात, या सातांची आठवण क्वचितच निघते.

बेट गोव्याबरोबर गोव्यातच गेलं. मग १९८६ मध्ये कारवारला ‘सीबर्ड’ प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २००५ मध्ये ‘आयएनएस कदंब’ हा नाविक तळ सुरू झाला. यासाठी बिणग्यापासून अंकोल्याकडच्या किनारपट्टीवरची गावं उठली, मच्छीमारांचे किनारे गेले, आणि अंजदीवही संरक्षण खात्याकडे गेलं. बिणग्याच्या टोकापासून बेटापर्यंत समुद्रात दगडाचा बांध घातला आहे. त्यामुळे खरं बोलायचं तर अंजदीव आता बेट राहिलेलंच नाही, जमिनीला जोडलं गेलं आहे. नौदलानं मात्र नाव जपलंय. १९७२ मध्ये ‘अंजदीप’ नावाची पाणबुडीविरोधी नौका दाखल झाली होती, आणि त्याच नावाच्या नव्या नौकेचं जलावतरण जून २०२३ मध्ये झालं.

राहिला प्रश्न माणसांचा. बेटावर ‘झऱ्यांची माता’ या अर्थाच्या पोर्तुगीज नावाचं जुनं चर्च आहे. २ फेब्रुवारीला तिचं फेस्त आणि ४ ऑक्टोबरला सेंट फ्रान्सिसचं. पूर्वी काणकोण आणि कारवारकडून भाविक होड्यांनी यायचे. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही असायचे. तळ झाल्यावर ही ये-जा बंद पडली. फेस्तापुरती तरी परवानगी द्या, ही मागणी गोव्यातून अधूनमधून उठते, सुरक्षेचं कारण पुढं येतं आणि विषय पुन्हा थंड होतो. त्याच समुद्रात थोडं उत्तरेला कूर्मगडावर पौष पौर्णिमेला नरसिंहाची जत्रा भरते, होड्या भरभरून लोक जातात. अंजदीव मात्र महामार्गावरच्या वळणावरून लांबूनच बघायचं.