कॉईल सुटताना

स्टार्टरचे लाल बटण दाबले की कॉन्टॅक्टरच्या कॉईलमधला प्रवाह तुटतो, पण तिच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा जाणार कुठे? वाट मिळाली नाही तर कॉईलच्या टोकांवर व्होल्टेज उसळते. २३० व्होल्टच्या कॉईलवर ते हजारांच्या घरात पोचू शकते. प्रवाह तोडताना उडणारी ही ठिणगी जोसेफ हेन्रीने १८३२ मध्ये नोंदवली होती, आणि १८५३ मध्ये फिझोने इंडक्शन कॉईलच्या संपर्कांना कंडेन्सर जोडून ती आटोक्यातही आणली. तरीही भंडारा जिल्ह्यातल्या धान गिरण्यांमध्ये हलर, पॉलिशर, एलिव्हेटर चालवणाऱ्या जुन्या स्टार्टरांत कॉईलवर काही लावलेले नसे. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. पॅनलमध्ये सगळे तांबे आणि लोखंडच होते. झटक्याने फार तर बटणाचे पॉइंट काळे पडत, आणि वायरमन ते घासून पुन्हा बसवी.

त्याच पॅनलशेजारी इलेक्ट्रॉनिक्स आले तेव्हा या झटक्याचा उपद्रव सुरू झाला. तांदळाचा काळपट दाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या फवाऱ्याने उडवणारे सॉर्टेक्स यंत्र, टायमर, पीएलसी यांना तो सोसवत नाही. ‘इतकी वर्षे गिरणी चाललीच ना?’ या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते: कॉईल तीच राहिली, तिचे शेजारी बदलले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मृगाच्या आधी विदर्भात कडाडणाऱ्या विजा आणि वीजपुरवठ्यातले चढउतार यांच्यापुढे कॉईलचे काय एवढे? विजेचा तडाखा मोठा, हे खरेच. पण मुख्य लाइनवर बसवलेले संरक्षण पॅनलच्या आत, कंट्रोलच्या वायरीवर जन्मणारा झटका अडवत नाही. तो कॉईलच्या ए-१ आणि ए-२ टोकांवरच अडवावा लागतो.

मग डायोड लावून मोकळे व्हावे? एसी कॉईलवर तो चालतच नाही. अर्ध्या सायकलला शॉर्ट होतो. डीसी कॉईलवर झटका जवळजवळ नाहीसा होतो, पण प्रवाह रेंगाळतो, कॉन्टॅक्टर अनेक पटींनी उशिरा सुटतो, आणि मोटर उलटी फिरवण्याच्या जोडणीत हा उशीर महागात पडतो. एसीसाठी रोधक आणि कंडेन्सरची जोडी होतीच. १९७० च्या सुमारास जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या संशोधनातून झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर पुढे आला, आणि तो सुटण्याचा वेळ फारसा न वाढवता व्होल्टेज कापतो. त्या झिंक ऑक्साइडमध्ये बिस्मथ, कोबाल्ट यांच्याबरोबर थोडे मँगनीजचे ऑक्साइडही मिसळतात. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून शतकभर मँगनीज काढणाऱ्या जिल्ह्यात हा तपशील प्रत्येक इलेक्ट्रिशियनला माहीत असावा, असे मला मनापासून वाटते.