डेक्काचे आकडे आणि हर्णैचा फोन

गेल्या महिन्यात हर्णैहून मावसभावाचा फोन आला. त्याची बोट फायबरची, साधारण बारा मीटरची. "ताई, तू बोटीवरच्या यंत्रांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, जीपीएसचा नवीन सेट घेऊ की आधी रडार घेऊ? दोन्हीला पैसे नाहीत."

मी प्रामाणिकपणे सांगितलं की माझा विषय इतिहास आहे, तोही मुख्यतः ब्रिटनचा, १९४६ ते २००० या काळातला. तो म्हणाला, "म्हणजे कामाचं काहीच नाही." घरात माझ्या संशोधनाचं इतकं नेमकं परीक्षण अजून कुणी केलेलं नाही.

पण पुढे तो जे बोलला त्याने मी कान टवकारले. जुन्या सेटच्या स्क्रीनवर रेघा यायला लागल्यात, कधीही बंद पडेल. नवा सेट वेगळ्या कंपनीचा. आणि जुन्यात त्याचे अकरा वर्षांचे चारशेच्या वर 'पॉइंट' आहेत: कुठे जाळं फाटतं, कुठे बुडालेलं काहीतरी आहे, कुठल्या महिन्यात कुठे मासळी लागते. दुकानदार म्हणतो, पॉइंट नव्या सेटमध्ये येणार नाहीत. "सेटचं काय, कर्ज काढून घेईन. पॉइंट कुठून आणू?"

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण नेमकं यावर आहे. फक्त तिथे जीपीएसच्या जागी डेक्का आहे आणि अरबी समुद्राच्या जागी उत्तर समुद्र.

डेक्का म्हणजे तीच, ग्रामोफोन रेकॉर्डवाली ब्रिटिश कंपनी. बीटल्सना १९६२ साली नकार देण्यासाठी ती जास्त प्रसिद्ध आहे, पण तिच्या खात्यावर एक मोठं होकारही आहे. विल्यम ओब्रायन नावाच्या अमेरिकन अभियंत्याला रेडिओ लहरींवरून स्वतःची जागा काढण्याची कल्पना सुचली होती. अमेरिकेत कुणी दाद दिली नाही. त्याचा मित्र हार्वी श्वार्झ लंडनला डेक्कात होता, त्याने ती उचलून धरली. १९४२ मध्ये वेल्स आणि आइल ऑफ मॅन यांच्या दरम्यानच्या समुद्रात चाचण्या झाल्या, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे सुरुंग काढत पुढे निघालेल्या जहाजांवर हे यंत्र होतं. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये डेक्का नॅव्हिगेटर कंपनी निघाली, १९४६ मध्ये इंग्लंडची स्थानकांची पहिली व्यापारी साखळी सुरू झाली. पुढे अशा साखळ्या जगभर झाल्या. मुंबई आणि कलकत्त्यालाही होत्या.

यंत्र चालायचं कसं? मी विद्यार्थ्यांना टाळकऱ्यांचं उदाहरण देते. मोठ्या माळावर दोन टोकांना दोन टाळकरी उभे आहेत आणि दोघं अगदी एका ठेक्यात टाळ वाजवतायत. तुम्ही बरोबर मध्ये उभे असाल तर दोन्ही आवाज एकदम येतील. एकाकडे सरकलात की त्याचा आधी, दुसऱ्याचा मागाहून. जिथे जिथे हा फरक सारखाच ऐकू येतो ते सगळे बिंदू जोडले की माळावर एक वक्ररेषा तयार होते. तिसरा टाळकरी उभा केला की दुसऱ्या वक्ररेषा मिळतात, आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही. डेक्काच्या साखळीत एक मुख्य स्थानक आणि साधारणपणे तीन दुय्यम स्थानकं असायची. त्यांना लाल, हिरवं आणि जांभळं अशी नावं होती. नकाशांवर त्याच रंगांच्या वक्ररेषांची जाळी छापलेली असायची. बोटीवर घड्याळासारख्या तबकड्या, त्यांवरचे आकडे वाचायचे आणि नकाशावर रेषा शोधायची.

गोम अशी, की चालता चालता फरक वाढत जाऊन पूर्ण एका ठेक्याचा झाला, की दोन्ही टाळ पुन्हा एकदम ऐकू येतात! मग तुम्ही मध्यावर आहात, की एक ठेका अलीकडे, की पलीकडे? डेक्कात या एका ठेक्याच्या पट्ट्याला लेन म्हणत. दोन स्थानकांना जोडणाऱ्या रेषेवर लाल लेन सुमारे ४४० मीटर रुंद, हिरवी ५९० च्या आसपास, जांभळी ३५०. आपण कितव्या लेनमध्ये आहोत हे तबकडी मोजत राहायची, पण मध्येच वीज गेली किंवा आकाशात कडकडाट झाला की मोजणी चुकायची. पुढच्या मॉडेलांमध्ये लेन ओळखण्याची सोय आली. रात्रीचा त्रास मात्र शेवटपर्यंत राहिला. अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित झालेल्या लहरी मूळ लहरींमध्ये मिसळायच्या आणि यंत्राचा पल्ला आणि अचूकपणा दोन्ही घसरायचे.

इथपर्यंतची गोष्ट तंत्रज्ञानाच्या कुठल्याही इतिहासात मिळेल. माझा प्रश्न वेगळा आहे. लहान बोटीच्या मालकाने हे यंत्र घेतलं की नाही, घेतलं तर का, आणि त्याने त्याचं काय केलं?

पहिली गोष्ट, त्याने ते 'घेतलं' नाहीच. डेक्का यंत्र विकायची नाही, भाड्याने द्यायची. कारण सरळ होतं. लहरी हवेत मोकळ्या सुटलेल्या, त्या ऐकण्याचे पैसे कसे वसूल करणार? तर ऐकणारा डबाच आपल्या मालकीचा ठेवायचा आणि दरवर्षी भाडं घ्यायचं. किनाऱ्यावरची स्थानकं या भाड्यावर चालायची. मोठ्या ट्रॉलरला हे परवडायचं. हौशी शिडाच्या होडीला नाही.

दुसरी गोष्ट, मच्छीमारांनी त्या आकड्यांचं जे केलं ते कंपनीच्या कल्पनेतलं नव्हतं. कंपनीच्या दृष्टीने आकडे म्हणजे नकाशावर पोचायची पायरी. मच्छीमाराला नकाशाची फारशी गरजच पडली नाही. 'लाल बी १२.४, हिरवा डी ३५.६' हाच त्याचा पत्ता. इथे जाळं अडकतं, इथे जुनं गलबत बुडालंय, त्याच्या कडेने ओढलं तर कॉड मिळतो. हे सगळं वहीत, पेन्सिलीने. जाळं समुद्रतळाशी अडकलं तर नुसतं जाळं जात नाही, चालत्या ट्रॉलरला ते खाली खेचतं आणि बोट उलटू शकते. म्हणून या वह्यांवर माणसांचे जीव होते. त्या बापाकडून मुलाकडे जायच्या, शेजारच्या बोटीला दाखवल्या जायच्या नाहीत. आपल्याकडचे तांडेल डोंगर आणि देऊळ एका रेषेत धरून, पाणी किती वाव आहे ते बघून जागा ओळखायचे आणि ती गुपित ठेवायचे, तसंच. फक्त डोंगराच्या जागी रेडिओ.

आणि ही वही इतकी चांगली का चालायची, हे माझ्या अभ्यासातलं मला सगळ्यात आवडणारं कोडं आहे. डेक्काचा नकाशा पुष्कळदा चुकीचा असायचा! रेडिओ लहर जमिनीवरून आणि पाण्यावरून सारख्या वेगाने जात नाही, त्यामुळे छापलेली जाळी आणि खऱ्या रेषा यांच्यात काही ठिकाणी शेकडो मीटरचा फरक पडायचा. पण ही चूक जागच्या जागी स्थिर होती. आज जिथे १२.४ दिसलं तिथेच पुढच्या वर्षीही जवळपास १२.४. म्हणजे "मी पृथ्वीवर कुठे आहे" या प्रश्नाचं डेक्काचं उत्तर बेताचं, आणि "मी मागच्या वेळच्याच जागी आलोय का" या प्रश्नाचं उत्तर फार चांगलं. दिवसा, स्थानकांच्या जवळ, काही दशक मीटरच्या आत. नौदलाला पहिला प्रश्न महत्त्वाचा. मासे पकडणाऱ्याला दुसरा.

१९८० च्या दशकात भाड्याचा कारभार मोडला. पेटंटं संपली होती आणि मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाला होता. एका डॅनिश कंपनीने एपी नॅव्हिगेटर नावाचा लहान डबा काढला. तो भाड्याने नव्हे, विकत मिळायचा आणि तबकड्यांऐवजी सरळ अक्षांश-रेखांश दाखवायचा. हौशी होडीवाल्यांच्या त्यावर उड्या पडल्या. डेक्का तोवर रेकॉल नावाच्या कंपनीने घेतलेली होती. तिने काय केलं? आपल्या स्थानकांच्या लहरींमध्ये असे बदल केले की दुसऱ्यांचे डबे गोंधळावेत. क्षणभर विचार करा: समुद्रात माणसं त्या आकड्यांवर बोट हाकतायत. प्रकरण युरोपीय आयोगाकडे गेलं आणि डिसेंबर १९८८ मध्ये आयोगाने हा मक्तेदारीचा गैरवापर ठरवला. प्रतिस्पर्ध्यांबरोबर बाजार वाटून घेण्याचे करारही त्याच निर्णयात आले. माझ्या मार्गदर्शकांच्या मते मी कंपनीवर जरा जास्तच चिडून लिहिते. भाडं नसतं तर स्थानकं उभीच राहिली नसती, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे. तरी मी चिडते.

मग आलं जीपीएस. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर रेगन सरकारने ही लष्करी व्यवस्था नागरिकांनाही खुली करण्याचं जाहीर केलं. १९८९ मध्ये हातात मावणारा पहिला सेट बाजारात आला. भाडं नाही, साखळी नाही, रात्रीचा त्रास नाही. पण अमेरिकेने नागरी लहरींमध्ये मुद्दाम चूक मिसळली होती, त्यामुळे जागा सुमारे शंभर मीटरने इकडेतिकडे हलायची. म्हणजे डेक्काच्या अगदी उलट: पृथ्वीवर कुठे आहात ते ठीक, पण मागच्या वेळचं बुडालेलं जहाज नेमकं गाठायचं तर पंचाईत.

तारखा बघा. ब्रिटनमधली डेक्काची स्थानकं ३१ मार्च २००० ला बंद झाली. अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली १ मे २००० च्या मध्यरात्री. मधला महिनाभर, ज्याच्याकडे किनाऱ्यावरून दुरुस्ती घेणारा वेगळा रिसीव्हर नव्हता, त्याच्याकडे जुनं यंत्र नव्हतं आणि नवं यंत्र डळमळीत होतं.

पण खरा फटका वह्यांना बसला. लाल बी १२.४ चं अक्षांश-रेखांशात गणिताने रूपांतर करता येतं, पण ते गणित नकाशाच्या आदर्श जाळीचं. खरी जागा त्या स्थिर चुकीइतकी बाजूला. म्हणजे जी चूक इतकी वर्षं कुणाला दिसलीच नव्हती, ती नेमकी रूपांतराच्या वेळी वर आली. खात्रीचा मार्ग एकच होता: दोन्ही यंत्रं बोटीवर असताना प्रत्येक जागी स्वतः जायचं आणि दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. ज्यांनी वेळेत केलं त्यांच्या वह्या वाचल्या. ज्यांनी "बघू नंतर" म्हटलं, त्यांच्याकडे लाल-हिरव्या आकड्यांनी भरलेला कागद उरला.

आता हर्णैकडे. भावाला मी दोन दिवसांनी परत फोन केला. रडारबद्दल आधी बोललो. त्याचा समज असा, की रडार बसवलं की मोठी जहाजं आपल्याला चुकवतील. तसं नाही. आपलं रडार आपल्याला दुसरे दाखवतं, दुसऱ्यांना आपण दिसत नाही. फायबरची बोट जहाजाच्या रडारवर फिकीच उमटते, लाटांच्या गोंधळात हरवते. शिवाय लहान बोटीवर बसणाऱ्या अर्ध्या मीटरच्या गोल डब्यातून निघणारा झोत सुमारे पाच अंश रुंद असतो. दोन सागरी मैलांवर तो तीनशे मीटरहून जास्त पसरतो, म्हणजे शेजारी शेजारी चाललेल्या दोन बोटी स्क्रीनवर एकच ठिपका दिसू शकतात. अँटेना चार मीटर उंचीवर असेल तर पाण्याच्या पातळीवरचं साडेचार मैलांपलीकडचं काही दिसायची आशा नको. कंपनीच्या कागदावर छापलेला छत्तीस मैलांचा आकडा डोंगरांसाठी. युरोपातल्यासारखं दाट धुकं आपल्याकडे क्वचितच, आणि ऐन पावसाळ्यात जून-जुलैला बंदीमुळे बोटी वरच असतात. त्याची खरी भीती रात्री मुंबईकडे जाणाऱ्या जहाजांची आहे. त्यासाठी आपण त्यांना दिसणं महत्त्वाचं: आधी डोलकाठीवर रडार परावर्तक, दिवे धड, आणि आपली जागा आपोआप कळवणारा एआयएसचा ट्रान्सपाँडर. सरकारची मासेमारी बोटींना ट्रान्सपाँडर मोफत देण्याची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरू झाली, त्यातून नेमकं काय मिळतं त्याची सोसायटीत चौकशी कर म्हटलं. ते यंत्र आणि एआयएस एकच समजू नकोस, हेही सांगितलं. रडार पुढच्या वर्षी.

"आणि पॉइंट?"

जीपीएसचे आकडे सगळीकडे तेच असतात, डेक्कासारखे साखळीचे गुलाम नाहीत, त्यामुळे त्याचं काम तसं सोपं आहे. फक्त नव्या सेटमध्ये नकाशाची मूळ मांडणी आणि अंश-मिनिटं लिहायची पद्धत जुन्यासारखीच ठेव, नाहीतर सगळे पॉइंट एकसारखे सरकतील. आणि स्क्रीन चालू आहे तोवर सगळे हाताने वहीत उतरव.

"चारशे?"

"चारशे."

रविवारी त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मुलीची जुनी गणिताची वही, डावीकडे आकडे, उजवीकडे 'दगड', 'जाळं फाटलं', 'पापलेट, ऑक्टोबर'. बासष्ट झाले होते. दोन आकडे मी बोटाने झाकायला लावून फोटो पुन्हा मागवला. ते मला कळायला नकोत.