मासळीला बर्फ, चालकाला घाम

खारदांड्याच्या कोळीवाड्यात एके काळी ऊन हे भांडवल होतं. मासळी टिकवायची तर मीठ आणि ऊन हेच दोन हुकमी उपाय. बोंबील वलांडीवर टांगायचे, कडकडीत वाळवायचे, की पावसाळ्याची बेगमी झाली. ताज्या मासळीचा बाजार मात्र कोळणीच्या डोक्यावरची पाटी जाईल तेवढाच लांब. हे गणित बर्फाने बदललं.

हा बर्फ आपल्याकडे आला तो थेट अमेरिकेतून. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दडवून १८३३ साली जहाजाने कलकत्त्याला पाठवला. पुढे तो मुंबई-मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचं बर्फघर तर विवेकानंदांच्या नावाने आजही उभं आहे. अर्थात तो बर्फ साहेबांच्या पेल्यासाठी होता. यंत्राने बर्फ तयार होऊ लागला, स्वस्त झाला, तेव्हा कुठे तो मासळीच्या टोपलीत शिरला. कापसाच्या व्यापारासाठी १८७५ मध्ये बांधलेली ससून गोदी पुढे मासळीची मोठी बाजारपेठ झाली, त्यात बर्फाचा वाटा फार मोठा आहे.

बर्फाच्या जोडीला चाकं आली. 'टेम्पो' हे मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पोची तीनचाकी आपल्याच उपनगरात, गोरेगावला तयार होऊ लागली आणि त्या नावाचं मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. २००५ मध्ये टाटांची छोटी चारचाकी आली, तिला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हटलं. दांड्याच्या गल्लीबोळांत शिरायला अशीच गाडी हवी.

अशा गाडीतून मी एकदा मे महिन्यात भर दुपारी ससून गोदीहून दांड्यापर्यंत आलो आहे. मागे मासळी बर्फाच्या चुऱ्यात निवांत पहुडलेली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात किलोभर मासळीला किलोभर बर्फ, असा ढोबळ हिशेब असतो. पुढे मात्र डोक्यावर तापलेला पत्रा आणि इंजिनाची धग. चालकाने ओला पंचा मानेभोवती गुंडाळला होता. सिग्नलला गाडी थांबली की वारा थांबे, आणि वारा थांबला की त्या पंच्याचाही उपयोग संपे.

यामागे साधं शास्त्र आहे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो जवळजवळ सात किलो बर्फ वितळताना शोषेल एवढी उष्णता घेऊन जातो. म्हणजे निसर्गाने माणसाला बर्फापेक्षा सरस सोय दिली आहे. अट एकच: घाम वाळला पाहिजे. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो वाळतो, म्हणून तिथे वाळ्याच्या ताट्या आणि गाडीला लटकवलेली कापडी छागल गारवा देतात. मुंबईच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो. शरीरातलं पाणी जातं, ताप मात्र राहतो. दांड्याच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. पण इथे पस्तीस अंशही पुरेसे होतात.

माल थंड ठेवण्यासाठी माणसाने डोकं पुष्कळ चालवलं. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या शाळा अर्धवट सुटलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन तंत्रज्ञाने १९३८ च्या सुमारास ट्रकवर बसवायचं शीतयंत्र तयार केलं. कारखान्यातूनच वातानुकूलित होऊन येणारी मोटार बाजारात आली ती त्यानंतर. म्हणजे चाकांवरचा यांत्रिक गारवा आधी मालाला मिळाला, मग मोटारीतल्या धनिकाला. चालकाची पाळी सर्वांत शेवटी. घरोघरी पार्सलं पोचवणाऱ्या युपीएस या बलाढ्य अमेरिकन कंपनीने नव्या गाड्यांत वातानुकूलन देण्याचं कबूल केलं ते २०२३ मध्ये, कामगार संघटनेच्या रेट्यानंतर.

आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. एक गाडी, एक चालक, तोच मालक, अशांना तो कुठून लागू होणार? केंद्र सरकारने २०२३ मध्ये ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं करण्याचं ठरवलं आणि २०२५ पासून ते अमलात आलं. निर्णय चांगलाच आहे. मात्र तो साडेतीन टनांहून अधिक भाराच्या नव्या वाहनांसाठी आहे. जुने ट्रक त्यातून सुटले आणि छोटा हत्तीही.

यंत्र परवडत नसेल, तर तोवर करण्यासारखं थोडं आहेच. फेऱ्या पहाटे किंवा रात्री ठेवाव्यात. केबिनच्या छताला आतून उष्णतारोधक थर लावावा. बाजारात चालकासाठी सावली, पाणी आणि घटकाभर बसायला जागा असावी. यासाठी नवा शोध नको, फक्त हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवायला हवा. बर्फाचा खर्च मासळीच्या भावात धरला जातो आणि आपण तो मुकाट्याने देतो. चालकाच्या पाण्या-सावलीचा खर्चही त्याच भावात धरला, तर पापलेट फारसं महाग होणार नाही.